मोरोपंत: मात्रा मोजत देवाला हाक मारणारा कवी

इंग्रजीतला आध्यात्मिक मजकूर मराठीत आणताना एक छोटासा शब्द वारंवार आडवा येतो. तो शब्द म्हणजे व्हर्स. गीतेतला व्हर्स असेल तर तो श्लोक होतो आणि उपनिषदातला असेल तर मंत्र. ज्ञानेश्वरीतला असला की ओवी, तुकाराम महाराजांचा असला की अभंग, कबीरांचा असला की दोहा. इंग्रजीचे काम एका शब्दात होते, मराठीचे होत नाही. कुणी ज्ञानेश्वरीचा श्लोक असे लिहिले की वाचकाला लगेच खटकते. का खटकते, हे मात्र पटकन सांगता येत नाही.

आपल्या पूर्वजांनी या वेगळेपणाला माणसांची नावे देऊन ठेवली आहेत. ओवी ज्ञानेश्वरांची, अभंग तुकोबांचा, श्लोक वामनपंडितांचा आणि आर्या मोरोपंतांची, अशी वाटणी एका जुन्या, प्रसिद्ध पद्यात केलेली आहे. त्यातली पहिली दोन नावे घराघरात आहेत. शेवटचे नाव मात्र शाळेच्या पुस्तकातल्या एखाद्या कवितेपुरते उरले आहे. म्हणून आज मोरोपंतांचे चरित्र पाहू या. ते पाहता पाहता श्लोक, छंद, वृत्त, मात्रा, यती या आपण रोज वापरतो त्या शब्दांचे अर्थही उलगडतील, कारण या माणसाचे सारे आयुष्य त्या शब्दांतच गेले.

पन्हाळा ते बारामती

मोरोपंतांचे पूर्ण नाव मोरेश्वर रामाजी पराडकर. घराणे मूळचे कोकणातले, राजापूरजवळच्या सौंदळ गावचे. वडील रामाजीपंत नोकरीच्या निमित्ताने पन्हाळ्यावर आले आणि तिथेच 1729 मध्ये मोरोपंतांचा जन्म झाला. तिथल्या केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या विद्वान बंधूंकडे त्यांनी संस्कृत काव्य, अलंकार आणि वेदान्त यांचे अध्ययन केले. पंतांच्या कवितेत पुढे जी संस्कृत शब्दांची श्रीमंती दिसते, तिचा पाया पन्हाळ्यावर घातला गेला.

रामाजीपंत पुढे बारामतीला नाईकांच्या आश्रयाला गेले. वयाच्या चोविशीच्या सुमारास मोरोपंतही तिकडे आले. बारामतीचे नाईक जोशी म्हणजे त्या काळातले बडे सावकार. पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या डोक्यावरही बाबूजी नाईकांचे कर्ज होते. दुसरीकडे बाबूजींचे भाऊ आबाजी हे बाजीरावांचे मेहुणे, म्हणजे देणे-घेणे आणि सोयरीक दोन्ही एकाच घरात. 1740 मध्ये बाजीराव वारले तेव्हा पेशवेपद बाबूजींना मिळावे यासाठी प्रयत्नही झाले होते. ते पद नानासाहेबांकडे गेले. अशा या मानी, श्रीमंत आणि राजकारणात मुरलेल्या माणसाने आपल्या वाड्यात पुराण सांगण्यासाठी मोरोपंतांना ठेवून घेतले.

त्यानंतरची चाळीस वर्षे पंत कऱ्हा नदीच्या काठी बारामतीलाच राहिले. बाहेर पानिपत झाले, पेशवे बदलले, बारभाईंचे कारस्थान झाले. पंतांचा दिनक्रम मात्र पुराणकथन, कीर्तन आणि लेखन असाच चालू राहिला. ते संन्यासी नव्हते, प्रपंच करणारे गृहस्थ होते. रोजच्या रोज श्रोत्यांसमोर बसून रामायण, महाभारत आणि भागवत मराठीत समजावून सांगणे हे त्यांचे पोटाचे काम होते, आणि तीच त्यांची उपासनाही होती. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण त्यांची कविता वाचण्यासाठी कमी आणि ऐकण्यासाठी जास्त आहे. समोरच्याच्या कानात शब्द नीट बसावा म्हणून ती मोजलेली आहे.

शब्द काय सांगतात

मोजणे म्हणजे नक्की काय, हे समजायला आधी शब्दांकडे पाहू या.

छंद हे वेदाच्या सहा अंगांपैकी एक. छद् म्हणजे झाकणे या धातूपासून हा शब्द आला, असे निरुक्तकार यास्क सांगतात. पांघरूण जसे शरीराला जपते, तसा छंद मंत्राला जपतो. एखादे अक्षर गळले किंवा जास्त झाले की मोजणी चुकते आणि चूक लगेच कळते. हजारो वर्षे लेखनाशिवाय वेद टिकले, त्यात या पांघरुणाचा वाटा मोठा आहे. गायत्रीची अक्षरे चोवीस, अनुष्टुभाची बत्तीस, त्रिष्टुभाची चव्वेचाळीस आणि जगतीची अठ्ठेचाळीस. पण मराठीत छंद लागणे म्हणजे आवड जडणे. हाही अर्थ जुनाच आहे, कारण इच्छा आणि आवड या अर्थानेही छंद शब्द संस्कृतात होता. मला व्यक्तिशः हा दुसरा अर्थ जास्त जवळचा वाटतो. विठ्ठलाचा छंद लागला असे आपण म्हणतो तेव्हा दोन्ही अर्थ एकत्र येतात.

श्लोक शब्दाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पारध्याच्या बाणाने क्रौंच पक्षी पडला, वाल्मीकींना शोक झाला, आणि त्या शोकातून आपोआप श्लोक बाहेर पडला. रामायणातच ही कथा येते. व्याकरणाच्या वाटेने गेले तर श्लोक शब्दाचे नाते ऐकणे या अर्थाच्या श्रु धातूशी लागते. जे ऐकले जाते ते, आणि म्हणून कीर्ती. मोरोपंतांच्याच काळात इंदूरचे राज्य सांभाळणाऱ्या अहिल्याबाईंना आपण पुण्यश्लोक म्हणतो ते याच अर्थाने: जिची कीर्ती पवित्र आहे ती. पंतांनी अहिल्याबाईंची स्तुती करणारी आर्याही रचली आहे. संस्कृतात श्लोक म्हटले की मुख्यतः आठ-आठ अक्षरांच्या चार चरणांचा अनुष्टुभ डोळ्यांसमोर येतो. मराठीत मात्र अक्षरगणांत बांधलेल्या कुठल्याही चार चरणी पद्याला श्लोक म्हणायची पद्धत पडली. समर्थांचे मनाचे श्लोक अनुष्टुभात नाहीत, भुजंगप्रयातात आहेत.

वृत्त म्हणजे वळलेले, गोल फिरून आलेले. वृत् म्हणजे वळणे. ओळ एका ठिकाणी संपते, कवी वळतो आणि पुन्हा त्याच मापाने चालू लागतो. गंमत अशी की इंग्रजी व्हर्स शब्दही लॅटिनमधल्या वळण्याच्या धातूपासून आला आहे आणि तो धातू आपल्या वृत् धातूचाच भाऊ आहे. नांगर शेताच्या टोकाला जाऊन वळतो, ती कल्पना लॅटिन शब्दाच्या मागे आहे. मराठीत याच वृत्त शब्दापासून वृत्तपत्र झाले, कारण घडून गेलेले तेही वृत्त. आणि सद्वृत्त म्हणजे चांगले वागणे. कविता, बातमी आणि आचरण हे तिन्ही एकाच शब्दात.

पद, पाद आणि चरण हे सगळे पायाचे शब्द. चार पाय असलेले ते पद्य. मात्रा म्हणजे माप. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. इंग्रजीतला मीटर शब्दही अखेर मोजण्याकडेच नेतो. यती म्हणजे ओळीतली थांबण्याची जागा. संन्याशालाही आपण यती म्हणतो, पण तो शब्द यत्न करणाऱ्या यत् धातूचा आहे. कवितेतली यती यम् म्हणजे आवरणे, रोखणे यापासून आली. श्वास कुठे रोखायचा आणि कुठे सोडायचा, हे यती सांगते.

ओवी हा शब्द तर अगदी घरातला. ओवणे या क्रियापदाशी तो जोडला जातो. शब्द ओवले की ओवी. बायका जात्यावर बसून ओव्या गात होत्या, आणि 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ त्याच घाटात सांगितला. बंगळुरूत राहणाऱ्यांना एक जोड सांगण्यासारखी आहे. कन्नडमध्ये त्रिपदी नावाचा अस्सल देशी छंद आहे आणि तिकडच्या बायकांनीही जात्यावर बसून त्याच छंदात पिढ्यान्‌पिढ्या गाणी म्हटली आहेत. दळण दोन्हीकडे होते, आणि दळताना गळाही दोन्हीकडे मोकळा होता.

आर्या म्हणजे काय

संस्कृतातल्या पद्यांचे दोन मोठे घर आहेत. पहिल्या घरात अक्षरांचा क्रम ठरलेला असतो. तीन-तीन अक्षरांचे आठ गण असतात. शाळेत ते आपण यमाचा, राधिका, भास्कर, नमन अशा शब्दांनी पाठ केले. यमाचा हा शब्द चार वेळा म्हणा, भुजंगप्रयाताचा एक चरण तयार होतो, बारा अक्षरांचा. भुजंगप्रयात म्हणजे सापाची चाल. लग्नातली मंगलाष्टके ज्या वृत्तात म्हणतात ते शार्दूलविक्रीडित, म्हणजे वाघाचा खेळ, एकोणीस अक्षरांचे. या घरात कुठे लघु आणि कुठे गुरू हे एकदा ठरले की जागा बदलत नाही.

दुसऱ्या घरात मात्रांची बेरीज पाहतात, अक्षरांची जागा थोडी मोकळी सोडतात. याला मात्रावृत्त किंवा जाती म्हणतात. आर्या या घरातली. आर्या शब्दाचा सरळ अर्थ आदरणीय स्त्री. तिच्या चार चरणांत अनुक्रमे 12, 18, 12 आणि 15 मात्रा असतात. एकूण 57. शेवटचा चरण पंधराऐवजी अठरा मात्रांचा केला की दोन्ही ओळी सारख्या होतात, बेरीज 60 भरते, आणि त्या प्रकाराला गीती म्हणतात. आता मजेचा भाग असा, की मोरोपंतांच्या म्हणून ज्या आर्या आपल्याला माहीत आहेत त्या बहुतेक सगळ्या शास्त्राच्या दृष्टीने गीती आहेत. लोकांनी त्यांना आर्याच म्हटले आणि मराठीत तेच नाव रूढ झाले.

नुसती बेरीज जुळली म्हणजे आर्या झाली असे मात्र नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे लगेच पटेल: ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली तरी आतल्या नोंदी बरोबर असतीलच असे नाही. आर्येत मात्रा चार-चारच्या गटांत बसाव्या लागतात. नारायण हे नाव घ्या. ना आणि रा यांच्या दोन-दोन, य आणि ण यांची एकेक, अशा सहा मात्रा. नारायण नारायण असे दोनदा म्हटले की बारा मात्रा होतात, आणि त्या चार-चारच्या तीन गटांत अलगद बसतात. आता पांडुरंग घ्या. त्याच्याही सहा मात्रा, दोनदा म्हटले की बाराच. पण चौथी मात्रा मोजायला गेले की रं या दीर्घ अक्षराचे दोन तुकडे करावे लागतात, आणि अक्षर तोडता येत नाही. बेरीज तीच असली तरी एक नाव आर्येच्या चरणात बसते, दुसऱ्याला शेजारी वेगळा शब्द लागतो. मोरोपंतांनी हा हिशेब आयुष्यभर केला. त्यांच्या नावावर साधारण पाऊण लाख पद्ये सांगितली जातात आणि त्यांतला सर्वांत मोठा भाग आर्यांचा आहे.

आर्या ही संस्कृत पंडितांनी महाराष्ट्रावर लादलेली वस्तू होती, असा एक समज आहे. तो मला बरोबर वाटत नाही. आर्येचे प्राकृतातले रूप म्हणजे गाहा, अर्थात गाथा. सातवाहन राजा हाल याच्या नावाने प्रसिद्ध असलेला गाथासप्तशती हा संग्रह महाराष्ट्री प्राकृतात आहे आणि तो याच छंदात आहे. म्हणजे पंतांच्या कितीतरी शतके आधी गोदावरीच्या आसपासची साधी माणसे, त्यांची शेते आणि त्यांचे संसार या मापात आलेले होते. तुकोबांच्या अभंगसंग्रहाला आपण गाथा म्हणतो तेव्हा तोच जुना शब्द वेगळ्या अर्थाने आपल्या तोंडी असतो. दक्षिणेकडे याच कुळातली आणखी एक बहीण आहे. जुन्या कन्नड काव्यात जागोजागी दिसणारे कंदपद्य हे आर्येच्याच जातीचे, 12, 20, 12, 20 अशा मात्रांचे. नवव्या शतकातल्या कविराजमार्ग या कन्नड ग्रंथाचा बराचसा भाग कंदातच आहे. बंगळुरूत एखाद्या कन्नड मित्राने कंदपद्य म्हणून दाखवले तर ऐकताना मात्रा मोजून पाहा.

एकट्याने रचलेले महाभारत

पंतांचे सर्वांत मोठे काम म्हणजे आर्याभारत. मराठीत महाभारत त्यांच्या आधीही आले होते. मुक्तेश्वरांची काही पर्वे उपलब्ध आहेत आणि ती फार सुंदर आहेत. श्रीधरांचा पांडवप्रताप गावोगाव वाचला जात होता. पण अठराही पर्वे एका हाताने आणि एका छंदात आणण्याचे काम पंतांनी केले. त्यासाठी त्यांनी हजारो आर्या रचल्या आणि वर्षानुवर्षे खर्च केली.

आर्येचा आकार लहान असतो. व्यासांच्या मोठ्या प्रसंगाला दोन ओळींत बसवायचे तर फापटपसारा गाळावा लागतो आणि नेमका शब्द शोधावा लागतो. संवादाच्या ठिकाणी हे फार उपयोगी पडते. भीष्म आणि कर्ण बोलतात, द्रौपदी सभेत प्रश्न विचारते, तेव्हा आर्येची छोटी लांबी बोलण्याला धार देते. वर्णनाच्या ठिकाणी मात्र कधी कधी शब्द दाटीवाटीने बसतात. लांबलचक समास, मराठी कानाला अनोळखी संस्कृत शब्द आणि यमकासाठी केलेली ओढाताण हे दोष टीकाकारांनी दाखवले आहेत, आणि ते खोटे नाहीत. आज पहिल्यांदा आर्याभारत उघडणाऱ्याला शब्दकोश जवळ ठेवावा लागतो. पण मोठ्याने, सावकाश, कीर्तनातल्यासारखे म्हटले की बऱ्याच गाठी आपोआप सुटतात.

ही कविता लोकांपर्यंत पोहोचली ती कीर्तनकारांमुळे. सोलापूरचे प्रसिद्ध शाहीर राम जोशी लावण्या रचत आणि तमाशात गात. त्यांची प्रतिभा पाहून मोरोपंतांनी त्यांना हरिकीर्तनाकडे वळवले, अशी परंपरा आहे. पुढे राम जोशींनी पंतांच्या आर्या आपल्या कीर्तनांतून गावोगाव नेल्या. वाड्यात बसून लिहिणारा पंडित आणि फडावर गाणारा शाहीर यांची अशी भेट व्हावी, ही मराठी कवितेतली मोठी भाग्याची गोष्ट म्हटली पाहिजे. कीर्तनात आर्येबरोबर साकी आणि दिंडी याही जाती आल्या. मराठी कीर्तन तंजावरला गेले तेव्हा ही नावे तिकडच्या तमिळ हरिकथेतही शिरली आणि तिथे टिकून राहिली.

एकशे आठ रामायणे

पंतांची उपास्य देवता राम. जपमाळेचे मणी एकशे आठ, म्हणून रामाची कथाही एकशे आठ वेळा सांगायची, असा संकल्प त्यांनी केला आणि एकशे आठ रामायणे रचली. ही सगळी आकाराने लहान आहेत, आणि प्रत्येकाची युक्ती वेगळी. काही रामायणांत छंदाची निवड वेगळी आहे. मंत्ररामायणात श्रीराम जय राम जय जय राम या तेरा अक्षरी मंत्राची अक्षरे पद्यांत गुंफलेली आहेत. दामरामायणात एका चरणाच्या शेवटी आलेली अक्षरे पुढच्या चरणाच्या आरंभी येतात, दाव्याच्या कड्यांसारखी.

या सगळ्यांत निरोष्ठ रामायण मला सर्वांत विचार करायला लावते. निरोष्ठ म्हणजे ओठ न लागणारे. प, फ, ब, भ, म ही अक्षरे उच्चारताना ओठ मिटतात, म्हणून त्यांना या रचनेत प्रवेश नाही. आता ही अट रामकथेला लावून पाहा. राम या नावातच म आहे. म्हणजे रामाची संपूर्ण कथा सांगायची आणि रामाचे नाव एकदाही घ्यायचे नाही! सीतेचा पती, दशरथाचा सुत, राघव असे शब्द शोधायचे, पण त्यातही पती चालणार नाही, कारण प. भरत नाही, लक्ष्मण नाही, हनुमान नाही, बिभीषण नाही.

यावर दोन मते होणे साहजिक आहे. एक मत असे की हा शब्दांचा खेळ आहे, यात भक्ती कुठे? ज्या नामाने तरायचे तेच नाम बाहेर ठेवणारे रामायण काय कामाचे? हे मत कठोर असले तरी त्यात तथ्य आहे. पंतांची सगळीच रामायणे हृदयाला हात घालतात असे कुणी म्हणणार नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले तर ओठ मिटू न देता रामकथा सांगणाऱ्या माणसाला प्रत्येक शब्दागणिक तेच एक नाव आठवत असणार, कारण तेच टाळायचे आहे. ज्याने हा नियम स्वतःवर घातला त्याचे लक्ष दिवसभर दुसरीकडे कुठे जाणार? जपात माळ हातात असते तशी इथे अट हातात आहे. एकशे आठ वेळा तीच कथा सांगताना मन कंटाळू नये, म्हणून पंतांनी दर वेळी नवा मणी घडवला असे मी समजतो. विद्वत्तेचा अभिमान त्यात मुळीच नव्हता असेही म्हणवत नाही. पंतांना तो आपल्यात आहे हे ठाऊक होते, आणि त्यांच्या सर्वांत चांगल्या कवितेत तो गळून पडलेला दिसतो.

मोराचा टाहो

ती कविता म्हणजे केकावली. केका म्हणजे मोराची हाक आणि आवली म्हणजे ओळ. मोरो या नावावरून पंत स्वतःला मयूर म्हणवत. आकाशात मेघ दिसला की मोर ओरडतो. देव हा सावळा मेघ, आणि आपण त्याच्याकडे पाहून टाहो फोडणारा मोर, असे हे रूपक आहे. सुमारे एकशेवीस श्लोकांची ही रचना त्यांनी उतारवयात केली, आणि इथे त्यांनी आपली लाडकी आर्या बाजूला ठेवली. केकावली पृथ्वी वृत्तात आहे. प्रत्येक चरणात सतरा अक्षरे, आणि आठव्या अक्षरानंतर यती. आठ अक्षरे म्हणून क्षणभर थांबायचे, मग नऊ अक्षरे. हुंदका देऊन बोलणाऱ्या माणसाचा श्वास असाच चालतो. या विषयाला दुसरे कुठलेही वृत्त इतके शोभले असते असे वाटत नाही.

या हाकेत काय आहे? आयुष्यभर देवाच्या कथा सांगितलेला म्हातारा कवी देवासमोर उभा आहे, आणि त्याच्याकडे दाखवायला पुण्य नाही असे तो म्हणतो. मग तो वाद घालतो. द्रौपदीसाठी धावलास, गजेंद्रासाठी धावलास, अजामिळासारख्याला तारलेस, तर माझ्याच वेळी उशीर का, असा त्याचा भाव आहे. देवाच्या जुन्या वागण्याचे दाखले काढून तो देवालाच बांधून घेतो. वडीलधाऱ्यांशी हट्टाने बोलणाऱ्या लेकरासारखे कधी, तर पुरावे मांडणाऱ्या वकिलासारखे कधी. अशीच एक लहान रचना संशयरत्नमाला नावाची आहे. तिच्यात पंढरीच्या विठ्ठलाला उद्देशून, तू अजून का येत नाहीस याच्या एकामागून एक शंका पंतांनी काढल्या आहेत. नाव रत्नमाला, पण रत्ने सगळी संशयाची! श्रद्धा असलेल्या माणसाच्या मनातही शंका असतात आणि त्या देवाजवळच बोलाव्यात, हे इतक्या मोकळेपणाने फार थोड्या पंडितांनी केले आहे.

मोरोपंत संत की पंडित, हा प्रश्न मराठीत पुष्कळ वेळा विचारला गेला. आर्याभारताच्या आधारे उत्तर दिले तर ते पंडित ठरतात. केकावली समोर ठेवली की हा प्रश्न विचारण्याची गरज वाटेनाशी होते. ते स्वतः संतांपुढे नेहमीच हात जोडून उभे राहिले. सन्मणिमाला या रचनेत त्यांनी संतांची नावे मण्यांसारखी ओवून त्यांना वंदन केले आहे.

म्हातारपणी पंतांनी काशीयात्रा केली आणि गंगेची स्तोत्रे रचली. 1794 मध्ये चैत्री पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीच्या दिवशी, बारामतीत त्यांचा देह पडला. वय पासष्टीच्या घरात होते.

पुढच्या शतकात छापखाने आले आणि पंतांची कविता पोथीतून पुस्तकात गेली. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी 1854 मध्ये नवनीत हा मराठी कवितांचा संग्रह तयार केला आणि त्यात पंतांना मोठी जागा दिली. वृत्तदर्पण हे वृत्ते शिकवणारे छोटे पुस्तकही याच गोडबोल्यांचे. मराठीचे व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग यांनी 1865 मध्ये केकावलीवर यशोदापांडुरंगी ही टीका लिहिली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत पंतांची बाजू हिरीरीने मांडली. 1908 मध्ये लक्ष्मण रामचंद्र पांगारकरांनी त्यांचे मोठे चरित्र लिहिले. मुमुक्षु हे भक्तिमार्गाचे पत्र चालवणाऱ्या पांगारकरांना पंत आपले वाटावेत, यात नवल नाही. आणि माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांनी 1927 मध्ये छंदोरचना हा ग्रंथ लिहून छंद, वृत्त आणि जाती यांच्या सीमा मराठीपुरत्या स्पष्ट केल्या. आज मराठीत वृत्तांविषयी काही नेमके बोलायचे तर त्या ग्रंथाकडे जावे लागते.

केकावलीतला एक श्लोक मात्र कुठल्याही ग्रंथाच्या आधाराशिवाय टिकला. सज्जनांची संगत घडावी, चांगले ते कानावर पडावे, बुद्धीचा मळ जावा आणि विषयांची ओढ सुटावी, असे मागणारा तो श्लोक महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत प्रार्थना म्हणून म्हटला गेला. मुलांना पृथ्वी वृत्त ठाऊक नसते, गण ठाऊक नसतात. पण ओळ म्हणताना सगळा वर्ग आठव्या अक्षरावर एकाच वेळी थांबतो.